गवत उगवेल हो, पण ते घेणार कोण?

(एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला जमत नाही, त्यांनी लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचा.)

आजचा विषय आहे गवत. हसू नका, गवताचीच शेती. खास इंधनासाठी लावायचं, वर्षानुवर्षं कापत राहायचं आणि कारखान्याला विकायचं असं गवत. नेपियर, हत्ती गवत, हल्ली 'सुपर नेपियर' असं काय काय म्हणतात ते.

हा विषय घ्यायचं कारण असं की तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे मेसेज येऊन गेले असतील. 'पडीक जमीन आहे? चार पानांची फाईल भरा, बेणं आम्ही देतो, एकदा लावा आणि सात वर्षं कापा.' खाली एक हिरव्यागार शेताचा फोटो. आणि मग मुंबईतला चाकरमानी भाऊ गावातल्या काकांना फोन लावतो, 'काका, आपली ती खालची जमीन तशीच पडून आहे ना, देऊन टाकूया का?'

आजचा एपिसोड त्या फोनच्या आधी ऐकायचा आहे. उदाहरण म्हणून आपण मसुरे घेऊ. मालवण तालुक्यातलं हे मोठं गाव, बाजूने गड नदी, वर भरतगड, आणि जिच्या जत्रेला अख्खी मुंबई येते ती आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच एक वाडी. जत्रेला गेलात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाका. किती मळे आता लावले जात नाहीत ते दिसेल. तेव्हा प्रश्न खरा आहे. पडीक जमीन आहे, घरात माणसं कमी आहेत, आणि कोणीतरी सांगतंय की गवत लावून पैसे मिळतील. मग न लावण्याचं कारण काय?

आधी चांगल्या बाजू सांगतो, कारण हे गवत म्हणजे फसवणूक नाही. ते खरंच जोरदार वाढतं. बाजरी आणि हत्ती गवत यांचा हा संकर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'फुले यशवंत', 'फुले जयवंत' या जाती दूधवाल्या शेतकऱ्यांना माहीत आहेत. लावल्यावर अडीच-तीन महिन्यांत पहिली कापणी, मग दर दीड-दोन महिन्यांनी पुढची. संकर असल्यामुळे बी धरत नाही, त्यामुळे रानभर पसरण्याची भीती नाही. खत-पाणी नीट दिलं तर हेक्टरी दीडशे ते दोनशे टन हिरवा चारा वर्षाला मिळतो. म्हणजे एकराला ६० ते ८० टन. लक्षात ठेवा, हा आकडा चांगल्या, ओलिताच्या शेतातला आहे. मेसेजमध्ये एकराला दोनशे टन लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा आणि विचारा, 'असं शेत दाखवा.'

आता हे गवत इंधन कसं होतं? मुख्य रस्ता बायोगॅसचा. गवत बारीक कापून बंद टाकीत कुजवायचं, त्यातला मिथेन शुद्ध करायचा, दाबून सिलिंडरमध्ये भरायचा. त्याला सीबीजी म्हणतात, वापर सीएनजीसारखाच. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये 'सतत' नावाची योजना आणली. तेव्हा उद्दिष्ट होतं पाच हजार प्रकल्पांचं. पाच वर्षांनंतरही चालू प्रकल्पांचा आकडा पहिल्या हजाराजवळसुद्धा पोचला नव्हता. असं का झालं, ते एका टनाच्या हिशोबात कळतं.

एक टन हिरवं नेपियर घ्या. त्यात साधारण आठशे किलो पाणी असतं. उरलेल्या दोनशे किलो सुक्या भागातून ३० ते ४५ किलो गॅस निघतो. आपण ४० धरू. 'सतत'मध्ये सुरुवातीचा भाव किलोला ४६ रुपये होता, नंतर तो वाढला. जुन्या भावाने ४० किलोचे झाले १,८४० रुपये. आता समजा कारखान्याने शेतकऱ्याला टनाला हजार रुपये कबूल केले. उरले ८४०. त्यात वाहतूक, वीज, कामगार, यंत्रं, बँकेचं व्याज. खत विकून थोडे अजून येतील, भाव वाढला तर थोडी हवा मिळेल. पण गणित किती घट्ट आहे बघा. गणित घट्ट झालं की पहिला चिमटा कोणाला बसतो? ज्याच्याकडे गवत उभं आहे आणि दुसरं गिऱ्हाईक नाही त्याला.

आता शेतकऱ्याचा हिशोब. एकरी ८० टन, टनाला हजार, म्हणजे ८० हजार. ऐकायला बरं वाटतं. पण कापणार कोण? मसुऱ्यातल्या एका काकांना मी हे सगळं सांगितलं, तर त्यांचा एकच प्रश्न : "गवत कापूक माणूस खय गावतलो?" समजा माणूस मिळाला, दिवसाची मजुरी सहाशे रुपये, आणि त्याने कापून, बांधून, टेम्पोत चढवून दिवसाला एक टन काढलं. टनाला सहाशे तिथेच गेले. उरलेल्या चारशेत खत, पंपाची वीज, आणि वाहतूक शेतकऱ्यावर असेल तर तीही. यंत्राने कापणी स्वस्त पडते, पण आपल्या कोपऱ्या-कोपऱ्यांच्या मळ्यांत, बांध ओलांडत, यंत्र नेणार कसं?

पुढचा मुद्दा, पाणी. घाटावरचे लोक म्हणतात, 'कोकणात काय, पाऊसच पाऊस.' हो, सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण कधी? जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत गवत माजतं, पण मळ्यात चिखल, टेम्पो आत जात नाही, आणि कापलेलं गवत ओलंगच्च. डिसेंबरनंतर उलटं. रस्ता कोरडा, माणसं मोकळी, पण गवताला पाणी नाही. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात ते वेगळंच. सिंचन नसेल तर कापण्या साधारण निम्म्यावर येतात. कारखान्याला मात्र रोज गवत लागतं, मे महिन्यातसुद्धा. मग पावसाळ्यातलं गवत मुरघास करून साठवायचं. त्याला खड्डे हवेत, प्लास्टिक हवं, पैसा हवा. हा खर्च कोण करणार ते कागदावर आहे का?

तिसरं, अंतर आणि जमिनीचे तुकडे. दिवसाला पाच टन गॅसचा प्रकल्प धरा. त्याला रोज १२५ टन गवत लागेल. वर्षाचे झाले साधारण ४५ हजार टन. एकरी ८० टन मिळालं तरी जवळपास ५७० एकर ओलिताची जमीन लागेल. आपल्याकडे माणूस एकरात बोलत नाही, गुंठ्यात बोलतो. सरासरी वीस गुंठ्यांचा तुकडा धरला तर अकराशेहून जास्त तुकडे! आणि प्रत्येक सातबाऱ्यावर किती नावं? आजोबांच्या भावांची, त्यांच्या मुलांची, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची. जमीन सामाईक असेल तर एकाने सही करून चालत नाही. सगळ्या हिस्सेदारांची संमती घ्या, नाहीतर गवत राहील बाजूला आणि गणपतीत घरात भांडण लागेल.

वाहतुकीचं उदाहरण जिल्ह्यातच आहे. वैभववाडी भागातला ऊस घाट चढून गगनबावड्याकडच्या कारखान्याला जातो. ते जमतं, कारण उसात साखर असते, टनाला भाव बरा असतो. गवताच्या टेम्पोत दहा टन माल असेल तर आठ टन पाणी असतं. पाणी वाहून नेण्यासाठी डिझेल जाळायचं आणि त्यातून हरित इंधन करायचं! वीस-पंचवीस किलोमीटरच्या पलीकडे हे परवडणं फार कठीण.

इंग्लंडमध्ये 'मिस्कँथस' नावाचं बारमाही गवत वीजनिर्मितीसाठी लावतात. ते लोक वर्षातून एकदाच कापतात, हिवाळा सरताना, उभ्या उभ्या वाळल्यावर. पाणी आकाशात सोडून देतात, टेम्पोत भरत नाहीत. आपल्या सड्यावरचं गवतही दिवाळीनंतर आपोआप वाळतं. पण आपल्याकडे वाळलेलं गवत म्हटलं की वणवा. एक ठिणगी, आणि शेजारच्याची काजू-आंब्याची बाग गेली. म्हणून तिकडचं जसंच्या तसं इकडे आणता येत नाही.

आणि हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. मोगली एरंड आठवतो? ज्याला जट्रोफा म्हणतात. आपल्याकडे कुंपणाला असतो तोच. २००३ च्या सुमारास देशभर सांगितलं गेलं की पडीक जमिनीत लावा, डिझेल मिळेल. २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं. बायोडिझेलचं प्रत्यक्ष मिश्रण एक टक्क्याच्याही खाली राहिलं. अमेरिकेतही २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी संसदेपुढच्या भाषणात स्विचग्रास नावाच्या गवतापासून इथेनॉल करायचं स्वप्न दाखवलं. आजही तिथलं इथेनॉल मुख्यतः मक्याचंच. दोन्हीकडे झाड उगवलं, गवतही उगवलं. अडलं ते पुढे, कापणी, वाहतूक आणि भाव यांच्यात.

मग काय, हात बांधून बसायचं? नाही. माझं म्हणणं एवढंच : ज्या गवताला दुसरं गिऱ्हाईक आहे तेच लावा. पहिला घेणारा उद्या निघून गेला, तरी तुमचा माल सडता कामा नये.

या नियमाने बघितलं तर दोन गवतं दिसतात.

एक, हेच नेपियर, पण आधी गोठ्यासाठी. पाच-दहा गुंठे, विहिरीजवळ. गाय-म्हैस ते खाईल, दूध मिळेल, शेण मिळेल, आणि शेणातून गॅस. दोन घनमीटरच्या घरगुती बायोगॅसला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने सिंधुदुर्गात गावोगाव असे घरगुती बायोगॅस उभे करून दाखवलेत. म्हणजे गवतापासून इंधन आपल्या जिल्ह्यात होतंच आहे, फक्त मध्ये गाय आहे. वाहतूक शून्य, आणि स्लरी परत त्याच गवताला. हे शेवटचं महत्त्वाचं. प्रत्येक टन हिरव्या गवताबरोबर जमिनीतलं दोन-अडीच किलो नत्र जातं. ते परत आलं नाही तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी गवत पिवळं पडणार आणि तुम्ही युरिया विकत आणणार.

दुसरं गवत म्हणजे बांबू. हो, वनस्पतिशास्त्राच्या हिशोबात बांबू हे गवतच. आपला माणगा बघा. काटे नाहीत, जवळजवळ भरीव, परड्याच्या कडेला पिढ्यान् पिढ्या वाढणारा. पहिली एक-दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावं लागतं, मग पावसावर भागतं. चौथ्या-पाचव्या वर्षापासून दरवर्षी तयार काठ्या निघतात. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून बाहेर आला, त्यामुळे तोडीची कटकट गेली. जाळायला म्हणाल तर वाळलेल्या बांबूचा उष्मांक किलोला साधारण चार हजार किलोकॅलरी, आपल्या देशी कोळशाच्या जवळपास. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात काही टक्के जैविक इंधन मिसळावं असं केंद्राचं धोरण आहे. आसामात नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पाचं सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. म्हणजे इंधनाचं गिऱ्हाईक उद्या येऊ शकतं. पण ते आलं नाही तरी माणगा पडून राहत नाही. फर्निचर आहे, बागेचे टेकू आहेत, मांडव आहेत, आणि कुडाळला 'कॉनबॅक' २००४ पासून बांबूच्या बांधकामावर काम करतंय. सरळ, जाड काठी नगावर विकायची, वाकडी-तुकडी आणि शेंडे जाळायला द्यायचे. अख्खा बांबू वजनावर जाळायला देणं म्हणजे सागाच्या फळ्या चुलीत घालणं.

तरीही कोणी करार घेऊन आलंच, तर हे प्रश्न फोनमध्ये सेव्ह करून ठेवा :

१. प्रकल्प आज चालू आहे का? कुठे? मसुऱ्यापासून किती किलोमीटर? जाऊन बघता येईल?
२. गवत शेतात मोजणार की कारखान्याच्या काट्यावर? ओलं की सुकं? कापणी आणि वाहतूक कोणाची?
३. जुलैत आणि मेमध्ये, दोन्ही वेळा माल उचलणार का? नाही उचलला तर भरपाई किती?
४. स्लरी परत देणार का?
५. सात वर्षांत भाव कसा वाढणार?
६. करार मोडला तर गड्डे उपटायचा खर्च कोणाचा? नेपियरची मुळं घट्ट असतात. जिथे ते लावलं तिथे पुढच्या वर्षी भात लावीन म्हणणं सोपं नाही.

आणि सभासद फी, नोंदणी फी, बेण्याचे आगाऊ पैसे आधी मागितले, तर वरच्या सहा उत्तरांशिवाय एक रुपया देऊ नका. माल घेणारा पैसे देतो, मागत नाही.

पडीक जमीन बघून वाईट वाटतं, मान्य आहे. पण पडीक मळा पुढच्या मिरगाला पुन्हा नांगरता येतो. सात वर्षांच्या कराराखालचा मळा तसा नांगरता येत नाही. म्हणून पाच गुंठ्यांपासून सुरुवात करा, वहीत हिशोब लिहा, आणि एक वर्ष त्या आकड्यांकडे बघा.

तुमच्या गावात कोणी असं गवत लावलं असेल तर त्याचे खरे आकडे आम्हाला कळवा, किती टन निघालं, किती पैसे हातात पडले. आणि हा एपिसोड वाडीच्या ग्रुपवर टाका, त्या हिरव्यागार फोटोच्या बरोब्बर खाली. पुढच्या वेळी भेटूच. येतंव!