सांध्यांची सूज आणि उशिराची किंमत



विक्रोळीतलं दिवसाचं सगळं अवघड काम सकाळी असतं. पाणी भरायचं, डबे करायचे, मुलांना शाळेत पोचवायचं, आठ-सव्वाआठची लोकल गाठायची. आणि सुजेच्या संधिवाताचा रुग्ण नेमका सकाळीच सगळ्यात हतबल असतो. उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही, मनगट फिरत नाही, पाऊल जमिनीला टेकवत नाही. पार्कसाइटच्या चढावर हंडा नेणं, सार्वजनिक संडासात उकिडवं बसणं, कन्नमवार नगरातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीचे जिने उतरणं, हे सगळं याच तासात येतं. दुपारी तीच बाई चालती-फिरती दिसते आणि घरच्यांना वाटतं, काम टाळायला हिनं निमित्त काढलं. दवाखान्यात ती संध्याकाळी जाते, तेव्हा आखडलेले सांधे बरेच मोकळे झालेले असतात. निदान लांबण्याचं एक कारण इतकं साधं आहे.

विक्रोळी हातांवर उभी राहिली. १९४३ साली पिरोजशा गोदरेज यांनी इथली जमीन घेतली आणि १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी मतपेट्या इथल्या कारखान्यात तयार झाल्या. आज इथे काचेच्या इमारती दिसतात, तरी वस्त्यांमधल्या पुष्कळांचं पोट अजून हातांवरच चालतं. पोळ्या लाटणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, घरकामाला जाणाऱ्या बायका, फिटर, रिक्षावाले. रुमॅटॉइड आर्थरायटिस पहिल्यांदा धरतो ती बहुधा हाताची बोटं आणि मनगटंच.

हा म्हातारपणी झिजणाऱ्या गुडघ्यांचा आजार नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजतं आणि ती सूज हळूहळू हाड कुरतडते. रुमॅटॉइड आर्थरायटिस पुरुषांच्या तुलनेत बायकांना दोन-तीन पटींनी अधिक होतो, आणि तोही अनेकदा तिशी ते पन्नाशीत, म्हणजे संसाराचा सगळा भार अंगावर असताना. त्याचा भाऊबंद अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस विशीतल्या मुलांना गाठतो. त्यांची कंबर पहाटे दुखून जाग आणते, हिंडल्यावर बरी होते आणि आराम केल्यावर पुन्हा आखडते. ‘जिममध्ये लचक भरली असेल’ या समजुतीत या मुलांची वर्षं जातात.

महाराष्ट्रात या आजारांची मोजदाद नीट झाली ती पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६पासून तिथे घरोघरी जाऊन दुखणाऱ्या सांध्यांची नोंद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं चाललेल्या कॉपकॉर्ड या उपक्रमाचा तो भाग होता. सांधे-स्नायूंच्या दुखण्याची तक्रार असलेली माणसं तिथे मुबलक निघाली. त्यांत खरा रुमॅटॉइड आर्थरायटिस सुमारे अर्धा टक्का लोकांना होता. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण एक लाख प्रौढांमागे ती पाचशे माणसं होतात. भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी ज्या एस वॉर्डात येतात त्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच सात लाखांवर होती. म्हणजे या आजाराचे रुग्ण इथल्या प्रत्येक डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये बसून गेलेले आहेत. प्रश्न एवढाच, की ते ओळखले गेले का. २००६च्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर तर ओळखणं आणखी अवघड झालं, कारण ताप गेल्यावरही महिनोन्‌महिने सांधे सुजलेले राहिलेले लोक महाराष्ट्रभर दिसू लागले आणि ‘चिकुनगुन्याचंच असेल’ म्हणून खरा संधिवात मागे पडू लागला.

आता खर्चाकडे. या आजारावरचा पहिला आणि मुख्य उपचार स्वस्त आहे, हे पूर्व उपनगरांतल्या डॉक्टर, औषधविक्रेते आणि रुग्णांच्या या संमेलनाच्या व्यासपीठावरून मोठ्यानं सांगायला हवं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि त्यासोबत फॉलिक अॅसिड. गरजेप्रमाणे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासलाझिन, लेफ्लुनोमाइड. मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक अॅसिड या दोन्ही गोळ्यांमागे आंध्रातल्या भीमावरममध्ये जन्मलेल्या एका माणसाचं काम आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या चमूनं आधी फॉलिक अॅसिड प्रयोगशाळेत बनवलं आणि मग त्याला अडवणारी औषधं. त्यांतूनच मेथोट्रेक्सेट आलं, तेही रक्ताच्या कर्करोगासाठी. सुब्बाराव १९४८ साली वारले. अगदी कमी मात्रेत हेच औषध सांधे वाचवतं हे पुढे सिद्ध झालं आणि १९८८मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी त्याला मान्यता मिळाली. या उपचारात महिन्याचा गोळ्यांचा खर्च बहुतेकांचा काही शेकड्यांतच राहतो.

मग माणसं कंगाल का होतात? कारण गोळी स्वस्त असली तरी गोळीपर्यंत पोचणं स्वस्त नाही. निदानासाठी लागणारी अँटी-सीसीपीसारखी एक तपासणी खासगी लॅबमध्ये हजाराच्या पुढे जाते. संधिवाततज्ज्ञ मोजके आहेत, आणि विक्रोळीतल्या बाईला परळ किंवा सायनच्या मोठ्या रुग्णालयात जायचं तर सकाळी निघून केसपेपरची रांग, तपासणीची रांग, औषधाची रांग यांत दिवस जातो. घरकामाच्या चार घरांचा त्या दिवसाचा पगार कापला जातो. सोबत यायला नवरा किंवा मुलगी, म्हणजे आणखी एक दिवस. मेथोट्रेक्सेट चालू असताना रक्त, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या दर दोन-तीन महिन्यांनी हव्यात. दोन खेपा झाल्या, की बाई ठरवते: आता बरं वाटतंय, पुढच्या वेळी बघू. सहा महिन्यांनी ती परत येते तेव्हा बोटं वाकायला लागलेली असतात. हाडाची झीज पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि झिजलेलं हाड कुठलंही औषध परत देत नाही.

रांगेला कंटाळलेल्यांची वाट पुष्कळजण बघत असतात. पुडीतलं किंवा बाटलीतलं ‘आयुर्वेदिक’ औषध चोवीस तासांत सूज उतरवत असेल, तर त्यात बहुधा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. स्टिरॉइडची जादू खोटी नाही. १९४८मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका रुग्ण बाईला कॉर्टिझोन दिलं, ती काही दिवसांत चालू लागली आणि १९५०मध्ये हेंच यांना नोबेल मिळालं. पण तीच जादू वर्षानुवर्षं नकळत घेतली, की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग वाढतात. पुडीचे दोनशे रुपये पुढे मधुमेहाच्या आणि मोडलेल्या खुब्याच्या हाडाच्या बिलात निघतात. दुसरीकडे पथ्याच्या नावाखाली डाळी, दही, टोमॅटो सगळं ‘वातूळ’ ठरवून बंद केलं जातं आणि आधीच अशक्त झालेली बाई प्रथिनांवाचून आणखी खंगते. यावर रागावून उपयोग नाही. तिला जेवायला सांगावं लागतं, आणि तिच्या सासूलाही समोर बसवून सांगावं लागतं.

काही रुग्णांना साध्या गोळ्या पुरत नाहीत. १९९८पासून एकेक करून बायोलॉजिक औषधं आली, सूज पेटवणाऱ्या टीएनएफ या रेणूलाच बांधणारी. त्यांनी आजाराचं चित्र बदललं आणि खर्चाचंही. डिसेंबर २०१४मध्ये झायडसनं अदालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर भारतात आणलं, अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्शात. ती खरी मोठी घटना होती. तरीही दर पंधरा दिवसांनी घ्यायचं इंजेक्शन घरकामगार बाईच्या किंवा कंत्राटी कामगाराच्या आवाक्यात येत नाही. पेटंट संपल्यावर टोफासिटिनिबच्या भारतीय गोळ्या स्वस्त झाल्या आणि अनेकांना दिलासा मिळाला, पण पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत त्यानं हृदयविकार आणि कर्करोग वाढू शकतो, हे २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीनं दाखवलं. नागिणीचा त्रासही होतो. स्वस्त झालं म्हणून सरसकट देण्याचं हे औषध नाही.

मुंबईत यात क्षयाची भर पडते. टीएनएफ अडवलं, की शरीरात दडलेला क्षय उठू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करावी लागते. २०२१च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये टीएनएफरोधक घेणाऱ्यांना प्रतिबंधक उपचार द्यायची तरतूद आहे. हे उपचार सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळू शकतात, हे खासगी दवाखान्यांत फारसं सांगितलं जात नाही.

पैसे कोण देतं, हे पाहिलं की व्यवस्थेची दिशाच उलटी असल्याचं दिसतं. ईएसआयचं कार्ड असेल तर बाह्यरुग्ण औषधं मिळतात, पण पगार २१,००० रुपयांच्या वर गेला की नवा कामगार त्यात येत नाही, आणि घरकामगार मुळातच बाहेर. खासगी विम्यात भरती झाल्याशिवाय फारसं काही मिळत नाही. विमा नियामकानं २०१९मध्ये मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं विम्याबाहेर ठेवता येणार नाहीत असं सांगितलं, तरी ती डे केअर किंवा रुग्णालयात घेतलेली असावीत आणि त्यावर मर्यादा असू शकते. घरी पोटात टोचून घेतलेल्या इंजेक्शनचा दावा अडतो. सरकारी योजनाही रुग्णालयात भरती होण्याभोवतीच बांधल्या आहेत. आयुष्मान भारतमध्ये गुडघेरोपण बसतं, पण तो गुडघा वाचवणारी आठवड्याची गोळी आणि तिच्या रक्ततपासण्या बसत नाहीत. २०१६च्या दिव्यांग कायद्याचे बरेचसे लाभ ४० टक्के अपंगत्वापासून सुरू होतात. म्हणजे बोटं वाकडी होईपर्यंत माणसानं थांबायचं. हा क्रम चुकीचा आहे आणि तो बदलायलाच हवा.

औषधाचा पुरवठाही गृहीत धरता येत नाही. मार्च २०२०मध्ये कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालेल या आशेनं दुकानं रिकामी झाली. निर्यातबंदी झाली, औषध शेड्यूल एच-१मध्ये गेलं, आणि वर्षानुवर्षं तीच गोळी घेणारे संधिवाताचे आणि ल्युपसचे रुग्ण एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरले. २०२१च्या दुसऱ्या लाटेत टोसिलिझुमॅब या संधिवातावरच्याच बायोलॉजिक औषधाचं तेच झालं. तेव्हा कुठल्याही यादीत या रुग्णांचा प्राधान्यक्रम नव्हता.

या संमेलनापुढे म्हणून काही कामाच्या गोष्टी ठेवायच्या आहेत. पहिली, मेथोट्रेक्सेटच्या चिठ्ठीवर वार मराठीत किंवा रुग्णाला वाचता येईल त्या लिपीत लिहायचा. रोज घेतली गेलेली ही गोळी तोंडात फोड आणते, रक्तपेशी खाली आणते आणि जीवही घेते. वार ठरवताना रुग्णाचा उपवास कोणत्या दिवशी असतो ते विचारावं, कारण उपाशीपोटी मळमळ झाली की गोळी सुटते. बाळंतपणाच्या वयातल्या बाईला हे औषध गर्भाला घातक आहे, हे पहिल्याच भेटीत सांगावं. औषधविक्रेत्यांनी ‘रोज’ लिहिलेली चिठ्ठी दिसताच डॉक्टरला फोन करायचा. तो फोन अपमानाचा मानू नये, अशी डॉक्टर मंडळींना विनंती आहे.

दुसरी गोष्ट महापालिकेशी बोलण्याची आहे. २०२२च्या नोव्हेंबरपासून मुंबईत हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना सुरू झाले, तिथे १४७ तपासण्या मोफत होतात आणि काही दवाखाने रात्री दहापर्यंत उघडे असतात. हिमोग्राम, यकृत आणि क्रिएटिनिन या तपासण्या कामावरून परतलेल्या बाईला घराजवळ संध्याकाळी करता आल्या, तर परळ-सायनच्या खेपा वर्षात दोन-तीनवर येतील. तज्ज्ञानं औषध ठरवायचं, वस्तीतल्या डॉक्टरनं ते चालू ठेवायचं आणि रिपोर्ट बिघडला तर त्याच दिवशी फोन करायचा, एवढी जोडणी हवी. दुपारच्या सत्रात तिचा मसुदा मांडला जाणार आहे. त्यात सहा आठवड्यांहून जास्त सुजलेल्या बोटांच्या सांध्यांसाठी थेट पाठवणीची एक पानी चिठ्ठी जोडलेली आहे. ती प्रत्येकानं वाचून आपल्या दवाखान्यात चालेल की नाही ते इथेच सांगावं, म्हणजे एस वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे ती दुरुस्त होऊन जाईल.