दार मीच उघडं ठेवलं होतं

(आपल्या मंदिराच्या सभामंडपात झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



कतारमध्ये मुलाकडे सहा महिने राहून आलात, तर तिथलं काहीतरी सांगा, असा विश्वस्तांचा निरोप आला. उंच इमारती आणि वाळवंट तुम्ही टीव्हीवर पाहिलेच आहेत. मी आज माझ्या नातीच्या फोनबद्दल बोलणार आहे. तिला विचारूनच बोलते आहे. आधी विचारायचं आणि मगच दुसऱ्याची गोष्ट सांगायची, हे मी तिच्याकडूनच शिकले.

नात पंधरा वर्षांची, दोह्यातल्या एका भारतीय शाळेत दहावीला. तिकडचा उन्हाळा आपल्याला कल्पनेबाहेरचा. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करून घ्यायला सरकारचीच बंदी असते. अशा उन्हात मुली जाणार कुठे? आपल्याला अंगण होतं, पाणवठा होता, मंगळागौरीची जागरणं होती. त्यांचं अंगण म्हणजे हातातला फोन. सुरुवातीला मला त्याचा फार राग यायचा. "दिवसभर त्या डबीत काय बघतेस गं?" असं मी रोज म्हणायची.

एका दुपारी ती माझ्याशेजारी बसली आणि तिनं मला सगळं दाखवलं. तिचं इन्स्टाग्रामचं खातं कुलूपबंद. ती ज्याला होकार देईल त्यालाच आत प्रवेश. खात्यावर चेहऱ्याऐवजी जास्वंदीचं फूल. मैत्रिणीचा फोटो तिला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. आपण आत्ता कुठे आहोत हे तिथून निघाल्याशिवाय सांगायचं नाही. अनोळखी माणसाला उत्तर नाही. शेजारच्या कतारी मैत्रिणीकडून ती आणखी एक गोष्ट शिकली होती. तिथल्या लग्नांत बायकांच्या दालनात शिरताना फोन दाराशीच जमा करतात, नाहीतर कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. आत कुणीही मोकळेपणानं नटावं, नाचावं, फोटो बाहेर जायची भीती नाही. त्या मुली फोन वापरतात, गप्पा मारतात, पण आपला चेहरा कुणाच्या हाती द्यायचा हे त्या स्वतः ठरवतात.

मला वाटलं, पोर माझ्यापेक्षा शहाणी आहे. आणि ती होतीच.

पुढे जून महिन्यात तिचं जेवण कमी झालं. दार लावून बसायची. परीक्षेची काळजी असेल असं सुनेला वाटलं. एका रात्री दोनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले, तर ही स्वयंपाकघरात अंधारात बसलेली. मी दिवा लावला नाही. नुसती शेजारी बसले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आजी, तू ओरडणार नाहीस ना?"

कुणीतरी तिच्या चेहऱ्याचा फोटो घेऊन, संगणकाच्या करामतीनं तो भलत्याच शरीरावर बसवला होता. "तुझे खरे फोटो पाठव, नाहीतर हा सगळ्या नातेवाइकांना पाठवतो," अशी धमकी होती. नऊ दिवस ती एकटीच हे सोसत होती.

माझ्या तोंडावर प्रश्न आलाच होता, "तू फोटो टाकलासच कशाला?" देवाची कृपा, तो मी गिळला. कारण फोटो तिनं टाकलाच नव्हता. तो मी टाकला होता.

तिच्या वाढदिवसाला मी फेसबुकवर तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो टाकला होता. वर पूर्ण नाव, जन्मतारीख आणि "माझी गुणी नात" असं कौतुकानं लिहिलेलं. माझं खातं जगाला उघडं होतं. माझ्या मित्रयादीत काका, आत्या, मावश्या, गावातली मंडळी सगळी नावानिशी. धमकी देणाऱ्यानं तीच यादी तिला पाठवली होती. पोरीनं आपल्या खोलीला कडी लावली होती, वाड्याचा दिंडी दरवाजा मात्र आजीनं सताड उघडा ठेवला होता.

मी तिला विचारलं, "नऊ दिवस बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "बाबांनी फोन काढून घेतला असता. आणि तुला वाटलं असतं, मीच काहीतरी केलं."

बंधू-भगिनींनो, त्या नराधमाचं खरं हत्यार तो खोटा फोटो नव्हता. घरचे आपल्यालाच दोष देतील ही भीती, हे त्याचं हत्यार होतं आणि ते त्याच्या हाती आपणच दिलेलं असतं.

सकाळी मी मुलाला सगळं सांगितलं. आधी माझी चूक सांगितली, मग तिची अडचण. त्यामुळे रागवायला जागाच उरली नाही. धमक्यांचे स्क्रीनशॉट आणि त्या खात्याचं नाव जपून ठेवलं. त्याला उत्तर दिलं नाही, काही पाठवलं नाही. मगच त्याला ब्लॉक केलं आणि इन्स्टाग्रामकडे तक्रार केली. मुलगा तिथल्या पोलिसांकडे गेला. कतारमध्ये २०१४ पासून सायबर गुन्ह्यांचा स्वतंत्र कायदा आहे आणि इंटरनेटवरून धमकावणं हा त्यात गुन्हा आहे. त्या माणसाचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. पण धमक्या थांबल्या आणि नात पुन्हा पोटभर जेवू लागली.

आता आपल्या घरासाठी चार गोष्टी.

पहिली, आजच आपलं फेसबुक खातं आणि मित्रयादी बंद करून घ्या. नातवंडांचे गणवेशातले फोटो, शाळेचं नाव, जन्मतारीख टाकू नका. कौतुक करायचंच तर फोन करून करा.

दुसरी, घरातल्या मुलींना आजच सांगून ठेवा, "काहीही झालं तरी आम्हाला सांग. तुझा फोन काढून घेणार नाही." आणि तो शब्द पाळा.

तिसरी, मदत कुठे मिळते ते लिहून ठेवा. सायबर गुन्ह्यांसाठी सरकारी क्रमांक १९३० आहे, अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ आहे. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर महिला व मुलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार करता येते. १८ वर्षांखालील मुलांसाठी २०२३ पासून 'टेक इट डाऊन' नावाची विनामूल्य सोयही आहे. फोटो कुणाला न पाठवता, फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो. त्यावरून फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या कंपन्या तो फोटो ओळखून काढून टाकू शकतात.

चौथी, "तक्रार केली तर मुलीचं नाव होईल" ही भीती बाळगू नका. अशा अत्याचारात सापडलेल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव-गाव प्रसिद्ध करायला २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं मनाई केली आहे. आणि लाज वाटायला हवी ती धमकी देणाऱ्याला.

शेवटी एक विनंती. दर एकादशीला भजनानंतर एक तास सभामंडपात ज्येष्ठांचे फोन सुरक्षित करून द्यायचे, असं विश्वस्तांनी ठरवलं आहे. हे काम गावातल्या कॉलेजच्या मुली करतील. आपण शिकणार आणि त्या शिकवणार. शाळेतल्या मुलींशी बोलायला महिन्यातून एकदा समुपदेशक बाईंना बोलवायचं आहे. त्यांच्या प्रवासखर्चासाठी आणि मानधनासाठी निधी हवा आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी कार्यालयात देणगी देऊन पावती घ्यावी. ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांनी एक तास द्यावा. आणि काहीच जमलं नाही तर आज घरी गेल्यावर नातीजवळ पाच मिनिटं बसावं. काही विचारू नका. नुसतं बसा.

श्रींच्या चरणी एवढीच प्रार्थना, की आपल्या लेकीबाळींना रात्री दोन वाजता अंधारात एकटं बसावं लागू नये. आणि बसल्याच, तर शेजारी कुणीतरी असावं.

नमस्कार.