पात्याच्या बुडाशी ठोकलेले नाव



घडीचा जुना चाकू हाती आला की संग्राहक आधी पाते उघडतो आणि ते मुठीत जिथे शिरते त्या बुडावर भिंग धरतो. तिथे बारीक अक्षरांत नाव ठोकलेले असते. ते जोसेफ रॉजर्स किंवा जॉर्ज वॉस्टनहोम निघाले, तर चाकूची किंमत तिथल्या तिथे वाढते. नाव अनोळखी असेल, तर बहुतेक जण चाकू मिटून परत ठेवतात. त्या परत ठेवलेल्या चाकूंची बाजू मांडायला मी आज आलो आहे. नामवंत कारखान्यांचा इतिहास छापून झालेला आहे. अनोळखी नावाच्या चाकूकडे नीट पाहिले, तर एका सबंध गावातले काम कसे चाले ते कळते.

ते गाव इंग्लंडमधले शेफील्ड. पाच लहान नद्यांचे पाणी पाणचक्क्यांना मिळाले, सहाणेचा दगड आसपासच्या डोंगरांत निघाला, म्हणून तिथे चाकूचा धंदा रुजला. चौदाव्या शतकात चॉसरच्या कथेतल्या गिरणीवाल्याच्या अंगावर शेफील्डचाच चाकू आहे. 1624 साली संसदेच्या कायद्याने तिथे कटलर्स कंपनी स्थापन झाली आणि प्रत्येक कारागिराचे चिन्ह नोंदवून घेण्याची व्यवस्था बसली. 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली आणि सबंध पात्यात एकसारखे उतरणारे पोलाद या कारागिरांना मिळू लागले.

मोठे कारखाने पुढे आले, तरी गावाचे बरेचसे काम ‘लिटल मेस्टर’ या छोट्या उस्तादांच्या हातांवर चाले. असा उस्ताद म्हणजे भाड्याची एक खोली, खिडकीखाली कामाचा ओटा, एक शेगडा आणि फार तर एखादा शिकाऊ पोरगा. चाकूची सगळी कामे तो एकटा करत नसे. पाते घडवणारा लोहार वेगळा. घडलेली पाती घेऊन उस्ताद धार काढणाऱ्याकडे जाई. तो धारवाला आणखी कुठल्या तरी मोठ्या इमारतीत, वाफेच्या इंजिनावर फिरणाऱ्या सहाणेपाशी, भाड्याच्या जागेवर बसलेला असे. पाती परत आली की खरी जुळणी सुरू होई. पाते, स्प्रिंग, पितळी अस्तर आणि मुठीच्या दोन पट्ट्या कानस लावून एकमेकांना बसवायच्या. पाते उघडले असताना आणि मिटले असताना, दोन्ही वेळा स्प्रिंगची पाठ मुठीच्या पाठीशी एका रेषेत आली पाहिजे. हे साधेपर्यंत तो चाकू पुन्हा पुन्हा जोडून खोलत असे आणि मगच खिळे कायमचे ठोकत असे.

धारवाल्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण जुन्या चाकूच्या चकाकीत त्याचे आयुष्य खर्ची पडले आहे. दगडाची आणि पोलादाची धूळ त्याच्या छातीत साठत जाई. ओल्या सहाणेवर बसणाऱ्याला त्रास थोडा कमी होता. जेवणाचे काटे कोरड्या दगडावर घासणारे मात्र ऐन तारुण्यात दगावत. शेफील्डच्या जॉर्ज कॅल्व्हर्ट हॉलंड या डॉक्टरने 1843 मध्ये या फुप्फुसाच्या रोगावर पुस्तकच लिहिले. फिरता दगड फुटूनही माणसे मरत. धारवाल्याचे नाव मात्र चाकूवर कधीच येत नाही.

आता त्या ठोकलेल्या नावाकडे वळतो. ते नाव घडवणाऱ्याचेच असेल असे नाही. लिटल मेस्टर आपला माल पुष्कळदा अडत्याला विकत. अडत्या सांगेल ते नाव पात्यावर ठोकले जाई. कधी ते अडत्याचे स्वतःचे असे, कधी दूरच्या शहरातल्या एखाद्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराचे. मोठे कारखानेही गर्दीच्या दिवसांत बाहेरच्या उस्तादांकडून चाकू करून घेत आणि त्यावर आपले प्रसिद्ध चिन्ह उमटवत. म्हणजे नामवंत चाकू आणि अनामिक चाकू एकाच ओट्यावर, एकाच हाताने झालेले असू शकतात. बाजारात त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. किमतीवरून कारागिरी जोखणे मला म्हणूनच मान्य नाही.

मग काळ कसा ठरवायचा? मुकुटाच्या दोन्ही बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ ही अक्षरे असतील, तर चाकू व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, 1837 ते 1901 मधला. ‘डब्ल्यू’ आणि ‘आर’ असतील, तर चौथ्या विल्यमची सात वर्षे, म्हणून असा चाकू क्वचितच दिसतो. अमेरिकेने 1890 मध्ये मॅकिन्लेच्या नावाचा जकात कायदा केला आणि आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे झाले. पात्यावर ‘इंग्लंड’ असे ठोकलेले असेल, तर तो बहुधा त्यानंतरचा. मात्र ते नसले म्हणून चाकू त्याआधीचा ठरत नाही, कारण सगळा माल अमेरिकेला जात नव्हता.

याहून गोडी आहे ती गावाच्या जुन्या व्यापारी निर्देशिका चाळण्यात. त्यांत कारागिराचे नाव, धंदा आणि गल्ली दिलेली असते. माझ्याकडच्या दोन पात्यांच्या एका चाकूवर आडनाव आणि गल्लीचे नाव आहे. निर्देशिकेत त्या आडनावाचे तीन चाकूवाले निघाले, पण त्या गल्लीत एकच. काही वर्षांनी त्याचा पत्ता बदलतो, आणि पुढे त्याच पत्त्यावर बाईचे नाव येते, ती बहुधा त्याची विधवा असावी. चाकू कोणत्या वर्षांतला ते यावरून ठरले आणि एका घराची गोष्टही हाती लागली. या कामात जेफ्री ट्वीडेल या इतिहासकाराचे ऋण मोठे आहे. 1740 पासूनच्या शेफील्डच्या चाकू-कात्रीवाल्यांची सूची त्यांनी ग्रंथरूपाने करून ठेवली आहे आणि तिच्यात लहान माणसांनाही जागा दिली आहे.

आपल्या बाजूचा एक धागा मला फार मोलाचा वाटतो. 1794 मध्ये मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी इथल्या ‘वूट्झ’ पोलादाच्या वड्या लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवल्या. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर सोसायटीपुढे निबंध वाचला. तपासणीसाठी त्या पोलादाचे लेखणी तासायचे पाते घडवले जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या चाकूवाल्याने. ते नीट पाणी घेते आणि धारेला उत्तम पोलादाच्या तोडीचे आहे, असे आढळले. याच स्टोडार्टने पुढे मायकेल फॅरडेबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंचे प्रयोग केले. त्याचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे. त्या वड्या इथल्या ज्या भट्टीत झाल्या, तिच्या कारागिराचे नाव कोणी विचारलेच नाही.

दुसरा धागा मुठीचा. शेफील्डच्या उत्तम चाकूंना सांबरशिंगाच्या पट्ट्या असत आणि ते शिंग भारतातून जाई. खडबडीत, तपकिरी, हातातून न निसटणारी ती मूठ पुष्कळांना पाहताक्षणी आवडते. पण आता आपल्याकडे वन्यजीव कायद्याखाली सांबरशिंग आणि हस्तिदंत यांच्या व्यापाराला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. घेण्याआधी मुठीचा पदार्थ ओळखायला शिका. हाड, शिंग आणि दंत यांतला फरक भिंगाखाली कळतो.

जपणुकीचे थोडक्यात सांगतो. चाकू घासून चकचकीत करू नका. घासताना आधी ठोकलेली अक्षरे जातात आणि तीच तर आपल्याला वाचायची असतात. पात्याला खनिज तेलाचा हलका हात पुरे. चामड्याच्या म्यानात किंवा पाकिटात वर्षानुवर्षे ठेवू नका, पितळेवर हिरवट थर चढतो. सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू तर सर्वांपासून वेगळा ठेवा. ते सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून निघणारी वाफ शेजारच्या पात्यांनाही गंज चढवते.

शेफील्डमध्ये केन हॉली नावाचे हत्यारांचे दुकानदार होते. धंदे बंद पडत होते तेव्हा ते कारागिरांच्या खोल्यांतून हत्यारे, नमुने, अर्धवट राहिलेला माल, सूचीपत्रे उचलून आणत आणि ‘हे कशासाठी?’ असे त्या कारागिरालाच विचारून ठेवत. तो संग्रह आज तिथल्या केलहॅम आयलंड संग्रहालयात आहे. आपल्याकडे दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, फण्या जमवल्या, त्या कोणाच्या हातच्या याची नोंद क्वचितच मिळते. तरी त्या वाचल्या त्या केळकरांमुळेच. शेफील्डमध्ये घडीचे चाकू करणारे स्टॅन शॉ 2021 मध्ये चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन गेले. एकट्याच्या हाताने पूर्ण चाकू करणारे कारागीर आता तिथेही मोजकेच उरले आहेत.

म्हणून नवे संग्राहक भेटले की मी त्यांना कपाटाआधी कागद घ्यायला सांगतो. प्रत्येक चाकूबरोबर एक चिठ्ठी असावी. कुठून मिळाला, आधी कोणाकडे होता, बुडाशी काय ठोकले आहे, कोणते अक्षर लागत नाही, निर्देशिकेत काय सापडले आणि काय नुसते अनुमान आहे, हे त्यावर शाईने लिहावे. व्याख्यानानंतर समोरच्या टेबलावर काही चाकू मांडणार आहे, त्यांच्या चिठ्ठ्यांसकट. त्यांतल्या दोन चाकूंवरची नावे मला अजून लागलेली नाहीत. भिंग तिथेच ठेवले आहे, जरूर पाहा.