वासावर वास



गेल्या महिन्यात घोडबंदर रोडला भाचीच्या वास्तुशांतीला गेले होते. निघताना तिने रिटर्न गिफ्ट हातात ठेवलं: काचेच्या बरणीतली जाडजूड मेणबत्ती, लॅव्हेंडरच्या वासाची. ती मेणबत्ती डोंबिवलीला आली आणि त्याच रात्री कामाला लागली. कारण आमच्याकडे वास येतो.

एमआयडीसीच्या निवासी विभागातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. १९६४ साली इथे औद्योगिक वसाहत झाली आणि आज घरं नि कारखाने एकमेकांना खेटून आहेत. इथला जानेवारी २०१४चा हिरवा पाऊस, फेब्रुवारी २०२०चा गुलाबी रस्ता, हे पेपरात छापून आलं. रात्री साडेअकराला घशाशी येणाऱ्या वासाचा फोटो निघत नाही. तो आला की आम्ही खिडक्या लावतो, गॅलरीची स्लायडिंग ओढून घेतो आणि काहीतरी सुवासिक पेटवतो.

चुकतं ते इथे. सुगंध दुर्गंधाला खात नाही, नाकाला चकवतो. आत शिरलेला वायू आतच राहतो, त्यात ज्योतीच्या धुराची भर. एसी लावला म्हणून सुटका नाही. घरातला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. म्हणून बाहेर वास असेल तर खिडक्या लावा, पण आत काही पेटवू नका. वास ओसरला की दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडा.

मेणबत्तीला सरसकट विष म्हणणाऱ्यांतली मी नाही. खेळत्या हवेत, धडधाकट माणसाच्या घरात, कधीमधी लावलेल्या एका मेणबत्तीने फारसं बिघडत नाही. दमेकरी आणि तान्ही मुलं असतील तिथे मात्र नकोच. बहुतेक मेणबत्त्यांचं मेण म्हणजे पेट्रोलियममधून निघणारं पॅराफिन. सोयाच्या मेणाचं कौतुक फार, पण जळताना बारीक कण त्यातूनही निघतात. लिंबू-संत्र्याच्या वासातल्या लिमोनीनची हवेतल्या ओझोनशी गाठ पडली की फॉर्माल्डिहाइड तयार होतं. अमेरिकेने २००३ साली शिशाची तार असलेल्या वातींवर बंदी घातली. वातीत तार दिसली तर न पेटवता ती पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर मेणबत्ती टाकून द्या.

काजळी पाहायची असेल तर स्टीलचा चमचा ज्योतीच्या टोकावर क्षणभर धरा. ज्योत स्थिर असली तर डाग जेमतेम पडतो. पंख्याखाली ती फडफडली की चमचा काळाकुट्ट. वात पाव इंचाहून लांब ठेवू नये, ते याचसाठी.

आणि फुंकर मारू नये. आमची आजी दिवा फुलाने शांत करायची, फुंकलेला तिला चालत नसे. तिचं कारण वेगळं होतं. पण १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी मुलांपुढे मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, त्यांत त्यांनी विझल्या वातीतून उठणारा पांढरा धूर काडीने पुन्हा पेटवून दाखवला. तो धूर म्हणजे न जळलेलं मेणच. आपण फुंकर मारतो आणि तेच नाकात घेतो. चमच्याने वात वितळलेल्या मेणात बुडवून लगेच सरळ केली, की धूर जवळजवळ निघतच नाही.

खरं तर आपल्या घरांत मेणबत्ती ही नवी सून. उदबत्ती, धूप, कापूर, कॉइल ही मंडळी आधीपासून ठाण मांडून आहेत. देवघर हलवलं तेव्हा वरचं छत बघून रंगाऱ्याने विचारलं, "इथे चूल होती काय?" तिसऱ्या मजल्यावर! सिंगापूरमध्ये ६१ हजारांहून अधिक लोकांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. तिचा अहवाल २००८ साली आला. त्यात दीर्घकाळ उदबत्तीच्या धुरात राहणाऱ्यांमध्ये श्वसनमार्गाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं. मलेशिया आणि चीनमधल्या कॉइलवरच्या २००३च्या अभ्यासात तर एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. बंद खोलीत, उशाशी, रात्रभर. आणि आपण काळजी करतो लॅव्हेंडरची.

देवापुढची उदबत्ती बंद करा असं मी म्हणणार नाही; माझ्याच घरात ते कोणी ऐकणार नाही. एक लावते, खिडकीशी.

परवा लाइट गेले तेव्हा ती बरणी पुन्हा काढली. बाहेर वास नव्हता, खिडक्या सताड उघडल्या. डास आलेच. अंधारातून शेजारच्या वहिनींनी हाक मारली, "कॉइल देऊ का हो?"

म्हटलं, "नको, मच्छरदाणी शोधतेय. बॅटरी असली तर द्या."