इतिहास-भूगोलाचा तास आणि आपला तालुका
(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



सामाजिक शास्त्रे कोणत्या साधनांनी आणि कोणत्या पद्धतीने शिकवावीत, या विषयावर मी बोलावे असे कार्यकर्त्यांनी सुचवले. मी शिक्षक नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. शिक्षणशास्त्राची परिभाषा मला येत नाही. मात्र शाळेत मुले जे शिकतात किंवा शिकत नाहीत, ते दहा-पंधरा वर्षांनी आमच्या खिडकीसमोर येऊन उभे राहते. त्यामुळे खिडकीच्या आत बसणाऱ्या माणसालाही याबाबत दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा असे मला वाटते.

निकाल लागला की आपण पालक गणिताचे, विज्ञानाचे, इंग्रजीचे गुण विचारतो. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र यांची कोणी चौकशी करीत नाही. ‘ते काय, पाठ केले की झाले!’ असे आपण घरात मुलांसमोरच बोलतो. मुलेही तेच करतात. सनावळ्या पाठ, ग्रामपंचायतीची कामे पाठ, नद्यांची नावे पाठ. मग तोच मुलगा मोठा होऊन वडिलांबरोबर पीककर्जासाठी येतो. दहावीला सामाजिक शास्त्रात चांगले गुण मिळवलेला असतो. हातात सातबारा असतो, पण त्यावर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नाही. आजोबांनी घेतलेले कर्ज केव्हाच फिटलेले असते, तरी ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा तसाच उभा असतो, आणि तो कमी करून घ्यायचा असतो हे घरात कोणालाच माहीत नसते. असे एक-दोन नव्हेत, अनेक तरुण मी पाहतो. ही मुले मंद नाहीत. आपल्या घरातला कागद हाही अभ्यासाचा विषय आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

म्हणून शैक्षणिक साधनांची चर्चा मी तक्त्यांपासून किंवा पडद्यापासून न करता या सातबाऱ्यापासून करतो.

गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरचा हक्क, आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. या एका कागदात नकाशाचा गट क्रमांक आहे, हेक्टर-आर आहेत, भात-नागली-वरी आहे, पोटखराबा आहे. म्हणजे भूगोल झाला. हक्क कसा बदलत गेला ते फेरफाराच्या क्रमांकांवरून मागे मागे शोधता येते. हा इतिहास. एखाद्या उताऱ्यावर कुळाची नोंद सापडते. मग शिक्षकांनी १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन सांगावा. कसेल त्याची जमीन हे वाक्य तेव्हा मुलांना पाठ करावे लागणार नाही. अलीकडे, २०२१ पासून, ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करायची असते. आठवी-नववीतला मुलगा वडिलांना ती करून देऊ शकतो. असे प्रात्यक्षिक विज्ञानाच्या प्रयोगशाळेतही मिळणार नाही!

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ किती जणांनी मुलांना सांगितला आहे? वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांना गावकीच्या राबणुकीत जखडून ठेवले होते. ते वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्राम वतने रद्द झाली, आणि जमिनी परत मिळाल्या त्या शर्तीवर. परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या जमिनींचे भाव आता कुठे गेले आहेत हे मी सांगायला नको. वर्ग २ म्हणजे काय हे ज्या घरातील मुलाला कळते, त्या घराचा अंगठा सहजासहजी कोणी घेऊन जाऊ शकत नाही.

यात दोन अडचणी आहेत, त्या स्पष्ट बोलतो. पहिली म्हणजे, कोणाच्या घरावर किती बोजा आहे हे वर्गात जाहीर होता कामा नये. बँकेतला माणूस या बाबतीत जरा जास्तच काटेकोर असतो. नावे झाकून छायाप्रत काढावी, किंवा शाळेच्याच जागेचा उतारा घ्यावा. दुसरी अडचण मोठी आहे. काही मुलांच्या घरी सातबाराच नसतो. कातकरी वाडीतली मुले तर दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवरील झोपडीत राहतात, दिवाळीनंतर आई-बापाबरोबर वीटभट्टीवर जातात. ‘घरून सातबारा आणा’ असे फर्मान काढले तर ही मुले खाली मान घालून बसतील. त्यांच्यासाठी रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, भट्टीवरचा उचलीचा हिशेब हेच साधन. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याखाली मिळणारा पट्टा हाही एक धडा आहे. ठाणे जिल्ह्यात १९९० च्या दशकात भट्ट्यांवर भोंगा शाळा चालल्या. भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यामागचा विचार होता.

हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच. २०१४ मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर तो भाग पालघरमध्ये गेला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. शिकवण्याचे साहित्य म्हणून पाने, बिया, खडे, शिंपले वापरले. विकत आणलेले महागडे साहित्य कपाटात कुलूपबंद राहते, हे त्यांना चांगले ठाऊक असावे.

आता पाण्याकडे वळतो. आपल्या भागात याहून मोठा धडा नाही. १८९२ मध्ये तानसाचे धरण पूर्ण झाले, १९५७ मध्ये वैतरणेवरील मोडकसागर, त्यानंतर भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते आणि त्यातले जवळपास निम्मे एकट्या भातसातून जाते. मुरबाडच्या बाजूला बारवी आहे, तिचे पाणी कारखान्यांना आणि खालच्या शहरांना जाते. आणि दरवर्षी उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या अनेक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मोठमोठ्या जलवाहिन्या मुलांच्या डोळ्यांसमोरून जातात. पुस्तकातला प्रश्न मात्र असा असतो : मुंबईला पाणीपुरवठा करणाऱ्या तलावांची नावे लिहा.

याऐवजी वर्गाला एक आठवड्याचे काम द्यावे. घरातला हंडा लिटरच्या बाटलीने मोजावा. दिवसाला किती हंडे येतात, कोण आणते, किती फेऱ्या होतात, हे आई किंवा आजीला विचारून लिहावे. शहरासाठी माणशी १३५ लिटर आणि गावासाठी ५५ लिटर असे सरकारी मापदंड आहेत. पंधरा लिटरचा हंडा धरला तर आपल्या वाट्याला सुमारे पावणेचार हंडे येतात. प्रत्यक्षात किती मिळतात त्याचा स्तंभालेख मुलांनीच काढावा. विहिरीवर पूर्वी कोणाला पाणी भरू देत आणि कोणाला नाही, हेही म्हाताऱ्या माणसांना विचारावे. त्यानंतर २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह शिकवावा. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेल्या पाण्याचा अर्थ मग मुले स्वतः सांगतील. आणि हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात पाटबंधारे आणि वीज यांचा कारभार पाहत होते, दामोदर खोऱ्याची योजना त्या काळातली, हेही याच तासाला सांगता येते. आपल्याकडे जयंतीच्या भाषणांतून हा भाग बहुधा गळतो.

एक पथ्य मात्र पाळावे. हा तास मुंबईला शिव्या देण्याचा होऊ नये. मुंबईतल्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत राहून तेच पाणी पिणारे आपलेच भाऊबंद आहेत, त्यांच्यातले काही आज या मंडपात बसले आहेत. धरणासाठी कोणाची जमीन गेली, पाण्याचे वाटप कोण ठरवते, ग्रामसभेला काय विचारता येते, असे प्रश्न मुलांनी विचारावेत. शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. नागरिकशास्त्राचा तो धडा ग्रामसभेच्या मागच्या ओळीत बसूनच शिकावा.

इतिहासाबद्दल थोडे बोलतो. माहुली किल्ला सगळ्यांना ठाऊक आहे, १६३६ च्या वेढ्याची हकिगतही. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट चढते. वर जुन्नरच्या हद्दीत सातवाहनांची गुंफा आहे. तिथला राणी नागनिकेचा लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांचे आकडे त्यात कोरले आहेत. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी, शून्य नाही. आम्हा आकडेमोड करणाऱ्यांना त्याचे फार नवल वाटते! मुलांना ब्राह्मीची चार अक्षरे आधी फळ्यावर शिकवावीत. ‘क’ म्हणजे बेरजेचे चिन्ह, ‘र’ म्हणजे एक उभी रेघ, आणि आपल्या ठाण्याचा ‘ठ’ म्हणजे नुसता एक गोल. तो गोल आजही आपल्या ‘ठ’च्या पोटात शिल्लक आहे. चार अक्षरे ओळखता येणारे मूल भिंतीसमोर उभे राहिले की ती भिंत त्याच्याशी बोलू लागते. मात्र भिंतीला हात लावू देऊ नये, खडू तर मुळीच नाही. खाली कल्याण बंदर, वर जुन्नर, मध्ये हा घाट. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दाने कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत. आपला तालुका आडवळणी आहे असे आपण समजतो, पण एके काळी तो हमरस्ता होता.

मुरबाडच्याच सिद्धगडच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. मनोरेच का, हा प्रश्न विचारला की पाण्याचा धडा आणि बेचाळीसचा धडा एकमेकांना जोडले जातात.

आता पडद्याविषयी. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा या छोट्या पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा संदीप गुंड या शिक्षकांच्या प्रयत्नांतून डिजिटल शाळा म्हणून साऱ्या राज्यात नावाजली गेली. ही अभिमानाची गोष्ट आहे, आणि पाड्यावरच्या मुलांना संगणक कशाला म्हणणाऱ्यांना ते उत्तरही आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी नुसते यंत्र आले. पडद्यावर मूल नाईल नदी पाहते, भातसा पाहत नाही. पडदा चांगलाच, त्यावर उपग्रहाचे चित्र लावून आपले गाव, आपले धरण, जलवाहिनीची रेघ शोधायला सांगावी. वीज नसेल त्या दिवशी गावनकाशा भिंतीवर असावा.

शिक्षक म्हणतील, वेळ कुठे आहे? निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण, अहवाल यांनी ते बेजार आहेत हे खरे आहे. मी एका सत्रात तीनच तास मागतो. दहावीला सामाजिक शास्त्रांच्या शंभरपैकी वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. विकतचे प्रकल्प चिकटवण्याऐवजी ते गुण हंडे मोजून मिळवू द्यावेत. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात खेड्यातील शाळेसाठी मोडी-बाळबोध आणि हिशेबाबरोबर इतिहास, भूगोल, शेती आणि आरोग्य हे विषय मागितले होते. योगायोग असा की, त्याच वर्षी भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला. पण विषयांतर पुरे.

संस्थेपुढे माझी मागणी लहान आहे. अभ्यासिकेत एका गावाची एक पेटी करावी. तिच्यात गावनकाशा, नावे झाकलेला सातबारा, ग्रामपंचायतीचा चालू वर्षाचा अर्थसंकल्प, ब्राह्मी अक्षरांचा तक्ता आणि म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आठवणींची एक वही असावी. बँकेतील कोऱ्या स्लिपा, पीककर्जाच्या अर्जाचा नमुना आणि सातबारा वाचून दाखवण्यासाठी महिन्यातला एक रविवार, एवढे मी देतो. महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले कोणी येथे असतील तर त्यांनी जलवाहिनीचा तास घ्यावा. त्यांच्याइतके ते कोणाला ठाऊक असणार? पहिल्या पेटीसाठी शहापूरमधले एक आणि मुरबाडमधले एक गाव हवे आहे. ज्या शिक्षकांची तयारी असेल त्यांनी भोजनाच्या आधी आपली नावे चिटणीसांकडे द्यावीत.