शुभेच्छा द्या, पण वाकून नको

(वणी येथे दिवाळीपूर्वी झालेल्या महिलांच्या बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो,

नवरात्रातली गडावरची गर्दी ओसरली, द्राक्षबागांत छाटणीची घाई सुरू आहे आणि दिवाळी तोंडावर आली आहे. आज मी विषय अगदी साधा घेतला आहे. सणाच्या दिवशी साहेबांना, मालकांना शुभेच्छा देणं. तुम्ही म्हणाल, यात बोलायचं काय? दसऱ्याला आपट्याचं पान हातावर ठेवायचं, ‘सोनं घ्या’ म्हणायचं, झालं. शेजारणीला देतो तसंच.

पण ते तसंच असतं का? शेजारीण आपली हजेरी मांडत नाही. तिला पान दिलं नाही तर ती फार तर रुसेल. साहेब रुसला तर रजा अडते, मुकादम रुसला तर उद्याच्या टोळीत नाव नसतं. म्हणून शुभेच्छा मनापासून दिल्या की भीतीपोटी, हे आपलं आपणच तपासायला हवं.

आणखी एक बघा. कचेरीतला पुरुष ‘हॅपी दिवाळी साहेब’ म्हणतो आणि आपल्या टेबलाकडे वळतो. बायकांनी मात्र रांगोळी काढायची, ठरलेल्या रंगाची साडी नेसायची, घरून फराळाचा डबा आणायचा आणि साहेबांना ओवाळायचं. हे आपल्या नेमणुकीच्या कागदावर कुठे लिहिलेलं असतं? आणि ओवाळायचं ताट कुणाच्या हाती देत नाहीत, तेही बघा. विधवा मैत्रीण मागे उभी राहते, नवऱ्याने टाकलेली मैत्रीण चहाच्या निमित्ताने बाहेर जाते. एका साहेबाचं कौतुक करताना आपल्यातल्याच दोघींचा अपमान होतो आणि फोटोत सगळं छान दिसतं.

ओवाळतो कुणाला आपण? भावाला, मुलाला, नवऱ्याला. मालकाला ओवाळलं की नोकरीला घरचं नातं चिकटतं. मग घरच्या माणसाकडे कुणी मजुरीचा हिशोब मागतं का? इथेच खरी मेख आहे.

आपल्या अंगणवाडी ताईंचंच घ्या. 1975 साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तेव्हापासून त्या कामाच्या पैशाला पगार नाही, ‘मानधन’ म्हणतात. महाराष्ट्रात सेविका आणि मदतनिसांना दिवाळीला सरकार जी रक्कम देतं तिचं नाव बोनस नाही, ‘भाऊबीज भेट’. 2025 च्या दिवाळीत ती 2,000 रुपये होती. पैसे जरूर घ्यावेत, आपल्या कष्टाचेच आहेत. पण नाव लक्षात ठेवा. भाऊ किती घालतो हे बहीण विचारत नाही, कामगार मात्र विचारू शकतो. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या बायकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असं सांगितलं. ते ओवाळून मिळालं नाही, भांडून मिळालं.

बोनसची गोष्टही तशीच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरणीमालकांनी बोनस द्यायला सुरुवात केली, तो मेहेरबानी म्हणून. पुढे त्यांनी तो बंद केला, तेव्हा 1924 च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. चौकशी समितीने सांगितलं की कामगारांचा यावर कायदेशीर हक्क नाही. संप मोडला, पण प्रश्न मिटला नाही. 1965 साली बोनसचा कायदा आला. आता त्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, ठरलेल्या पगारमर्यादेत, वर्षात किमान 30 दिवस काम केलेल्याला निदान 8.33 टक्के बोनस मिळायला हवा. म्हणून मालकाने साडी आणि मिठाईचा पुडा दिला तर आभार माना, आणि बोनसचंही विचारा. साडी ही साडी असते, बोनस नसतो.

आता जरा अवघड गोष्ट. सणाच्या निमित्ताने गालाला रंग लावणं, शुभेच्छा देताना हात धरून ठेवणं, रात्री उशिरा नको ते संदेश पाठवणं. ‘सणासुदीचं काय मनावर घेता?’ असं वर ऐकवलं जातं. आपल्याला नको असलेला असा स्पर्श सणाच्या दिवशीही छळच असतो. 1997 चा विशाखा निकाल आणि 2013 चा कायदा आपल्या बाजूने आहेत. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. माणसं कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. शेतमजूर आणि घरकामगार बाईलाही. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर गटातल्या मैत्रिणीने सोबत बसावं.

मग शुभेच्छा द्यायच्याच नाहीत का? जरूर द्या. सण आपलाही आहे. पण हात जोडून, मान ताठ ठेवून द्या. साहेबांच्या भेटीसाठी वर्गणी फिरली तर ‘मी देणार नाही’ म्हणणारीच्या शेजारी दुसरीने उभं राहावं, कारण एकटीचा नकार उद्धटपणा ठरतो आणि दहाजणींचा नकार नियम होतो. ओवाळायचंच असेल तर कचेरी झाडणाऱ्या मावशींपासून सगळ्यांनी एकमेकींना ओवाळावं, आणि ताट आधी त्या मागे उभ्या राहिलेल्या मैत्रिणीच्या हाती द्यावं.

या दिवाळीला एवढं करून बघा, आणि पुढच्या बैठकीत काय घडलं ते सांगा.