मधुमेह आणि श्रवण

काशीत नागपूरकर भोसल्यांच्या घाटापासून थोडे उत्तरेस गेले म्हणजे रामघाट लागतो. तेथील वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात २०२५ साली अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या वेदाभ्यासकाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण पूर्ण केले. सुमारे २००० मंत्र, आणि तेही पदांची पुढे-मागे अवघड गुंफण करून, त्याने पन्नास दिवस मुखोद्गत म्हटले. या पराक्रमाचे श्रेय लोकांनी स्मरणशक्तीला दिले, व ते योग्यच होय. परंतु स्मरणाच्याही आधी कान असतो. गुरूने संथा द्यावयाची, शिष्याने ती ऐकून तशीच म्हणावयाची आणि गुरूने चूक झाली तर तेथल्या तेथे थांबवावयाचे, ही सारी परंपरा दोन कानांच्या विश्वासावर उभी आहे. वेदाला श्रुती म्हणतात ते उगाच नव्हे.

आता अशा एखाद्या पाठशाळेतील पन्नाशी उलटलेले गुरुजी डोळ्यांसमोर आणावेत. बैठे जीवन, हाती प्रसादाचा पेढा आणि दहा वर्षांचा मधुमेह. दृष्टी मंदावली तर ते चष्मा लावतील, पायाला मुंग्या आल्या तर वैद्याकडे जातील. पण शिष्याने ‘श’च्या जागी ‘स’ म्हटला आणि तो त्यांच्या लक्षात आला नाही, तर कोणाला कळणार? माध्यंदिन शाखेत स्वर हाताच्या हालचालीने दाखवितात. तेव्हा स्वराची चूक निदान डोळ्यांना दिसेल. व्यंजनाच्या चुकीला तेवढाही आधार नाही. ऊष्म वर्णांचे ध्वनी वरच्या पट्टीतले असतात, आणि अशा बहिरेपणात बहुधा हीच पट्टी प्रथम जाते. मनुष्याला आवाज ऐकू येतो, शब्द मात्र पुसट होतात. म्हणूनच तो ‘मला ऐकू येते, तुम्हीच पुटपुटता’ असे घरच्यांना सुनावतो, आणि त्यात त्याचा खोटेपणा नसतो.

मधुमेह आणि बहिरेपण यांची सांगड काही आजची नव्हे. जोर्दाँव नावाच्या वैद्याने १८५७ सालीच अशा एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली होती. तरीही ही गोष्ट दीर्घकाळ वादातच राहिली, कारण मधुमेही बहुधा प्रौढ असतो आणि वार्धक्य हे बहिरेपणाचे तयार उत्तर असते. अमेरिकेत १९९९ ते २००४ या काळात ५००० हून अधिक प्रौढांची श्रवणपरीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २००८ साली बाहेर आले. खालच्या व मधल्या पट्टीतील श्रवणदोष मधुमेह्यांत शेकडा २१, तर इतरांत शेकडा ९ आढळला. वरच्या पट्टीत हेच प्रमाण ५४ आणि ३२ होते. वयाचा हिशेब धरूनही फरक उरलाच. पुढे २०१३ साली जपानी संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हा संबंध साठीच्या आतील लोकांत अधिक ठळक दिसला. म्हणजे ‘वयामुळे’ हे उत्तर नेमके ज्यांना लागू नाही, त्यांनाच हा धोका विशेष आहे. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर सांगितली, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचा आकार कळतो.

कारण शोधू जाता ते अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत सापडते. तेथील केशयुक्त पेशी ध्वनीच्या कंपनांचे मज्जासंदेशात रूपांतर करतात. त्यांच्यासाठी लागणारी विद्युत्शक्ती नलिकेच्या भिंतीतील केशवाहिन्यांनी गजबजलेला एक पट्टा पुरवतो. रक्तातील वाढलेली साखर डोळ्यांतल्या व मूत्रपिंडांतल्या सूक्ष्म वाहिन्यांना जे करते, तेच येथेही: भिंती जाड होतात, रक्तपुरवठा आखडतो, पट्टा झिजतो. मृत मधुमेह्यांच्या कर्णास्थींच्या तपासणीत हे प्रत्यक्ष दिसले आहे. मज्जातंतूही सुटत नाहीत. मेलेल्या केशयुक्त पेशी मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे साखर ताब्यात आणून गेलेले श्रवण परत मिळण्याची आशा धरू नये. उरलेले राखणे, एवढेच हाती असते.

काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी याने सुश्रुताला शल्यशास्त्र शिकविले, असे सुश्रुतसंहिता सांगते. त्या ग्रंथात मधुमेहही आहे आणि बाधिर्य व कर्णनादही आहेत. आजच्या मधुमेही रोग्याचे डोळे आणि पाय वर्षातून एकदा तपासले जातात. कानाची आठवण क्वचितच होते. वास्तविक बंद खोलीत शुद्ध स्वर ऐकवून केलेली ही परीक्षा अर्ध्या तासाची आणि वेदनारहित असते.

दोन गोष्टींना मात्र विलंब चालत नाही. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जावे. उपचारातील स्टेरॉइडने साखर भडकते, म्हणून मधुमेह आधीच सांगावा. दुसरी गोष्ट कानाच्या ठणक्याची. आपल्या घरांत कान दुखला की कोमट तेल सोडण्याचा प्रघात आहे. वृद्ध मधुमेह्याच्या कानातून स्राव येऊन रात्री झोप न लागण्याइतका ठणका असेल, तर तो जंतुसंसर्ग कवटीच्या हाडापर्यंत जाऊन जिवावर बेतू शकतो. तेथे तेलाची वाटी बाजूलाच ठेवावी.

राहता राहिले श्रवणयंत्र. चष्मा लावलेले गुरुजी विद्वान दिसतात आणि यंत्र लावलेले म्हातारे, ही समजूत घाटावरही आहे आणि पुण्यातही. यंत्राने सारे वर्ण पूर्वीसारखे ऐकू येतील असे नाही, सवय व्हावयासही काही आठवडे जातात. पण शिष्याचा ‘श’ पुष्कळदा पुन्हा ओळखू येतो.